रक्त कमी हाये, तं गेलं कुठं?

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीला घेऊन दवाखान्यात गेलो होतो. तिला सहावा महिना लागलेला. लाकडी बाकावर तीन तास बसलो. आमच्या आधी पंधरा-वीस बाया. इंदोऱ्यातल्या, पाचपावलीतल्या, रुळाच्या काठच्या झोपड्यांतल्या. एकेक आत जात होती, बाहेर येत होती. येताना प्रत्येकीच्या हातात तीच चिठ्ठी आणि तोंडात तेच वाक्य : "रक्त कमी हाये म्हनते."

बहिणीचंही तेच निघालं. हिमोग्लोबिन आठाच्या थोडं वर. टेबलामागचा माणूस मान वर न करता म्हणाला, "बीट खा, डाळिंब खा, खजूर खा. चला, पुढची." ती रोज काय खाते हे त्यानं विचारलं नाही. घरात आधी कोण जेवते हे विचारलं नाही. तिच्या रक्ताची आणखी कुठली तपासणी कधी झाली काय, हेही विचारलं नाही. बाहेर टपरीवर चहा घेताना ती मला म्हणाली, "दादा, रक्त कमी हाये म्हनते, तं मंग गेलं कुठं? मी तं कोनाले देलं नाही."

या अंकाचं संपादकीय मी आजच्या कवितेवर लिहिणार होतो. चार पानं लिहूनही झाली होती. ती फाडली. कारण बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी पदवीधर माणूस, सभेत तासभर बोलणारा, मार्क्स आणि बाबासाहेब दोन्ही कोळून प्यायल्याचा आव आणणारा. आणि मला माझ्या बहिणीचं रक्त कुठं गेलं ते सांगता येईना. लाज वाटली. मग वाचत बसलो, विचारत फिरलो. त्याचा हा हिशेब.

आधी एक खरं बोलून टाकतो. आपल्या कवितेत रक्त फार आहे. दर दोन ओळींत ते सांडते, उसळते, पेटते. अंगात मात्र कमी आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ बायांचं रक्त कमी निघालं. पाच वर्षांखालच्या शंभर लेकरांपैकी ६९ लेकरांचं कमी निघालं. शंभरात ३५ लेकरं वयाच्या मानानं खुजी. ही आकडेवारी सगळ्या जातींची मिळून, बंगल्यातली लेकरं धरून. आपल्या गल्लीची वेगळी काढा म्हणजे काय होईल ते सांगायला गणित लागत नाही.

आता रक्ताकडे या.

माझा बाप एम्प्रेस मिलमध्ये होता. तो सांगायचा, मिल चालायला तीन गोष्टी लागतात. बॉयलरला कोळसा, मागाचे सुटे भाग, आणि वंगण-खिळे-नटबोल्ट. कोळसा कितीही टाका, धोटा तुटला असेल तर माग बंद. शरीराचंही तसंच आहे. भात, पोळी, भाकर, साखर, तेल हा कोळसा. त्यानं अंग गरम राहतं, हातपाय हलतात. डाळ, अंडं, मांस, मासे, दूध यांतलं प्रथिन म्हणजे सुटे भाग. स्नायू, कातडी, केस, रक्तातला लाल पदार्थ, आजाराशी लढणारी फौज, सगळं त्यातूनच घडतं आणि झिजलं की त्यातूनच दुरुस्त होतं. आणि लोह, आयोडीन, झिंक, जीवनसत्त्वं हे वंगण आणि नटबोल्ट. लागतात चिमूटभर. पण ते नसले की सगळी मिल ठप्प.

पोटाची भूक एक, शरीराची भूक दुसरी. पोट कोळशानं भरतं आणि गप्प बसतं. शरीर मात्र आतल्या आत उपाशी राहतं आणि ओरडत नाही. जिना चढताना दम लागतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, लेकरू वर्गात पेंगते. मास्तर म्हणतो आळशी आहे, मुकादम म्हणतो कामचोर आहे. आणि आपणही ते खरं मानून बसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जातीनंच आळशी ठरवलं, त्यांची रक्ततपासणी कोणी केली होती काय?

रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. रोज जुन्या मरतात, रोज नव्या घडवाव्या लागतात. ती घडवायला लोह पाहिजे, प्रथिन पाहिजे, फॉलिक ॲसिड पाहिजे, बी-बारा पाहिजे. यातलं एक कमी पडलं तरी कारखाना अडतो. बाईचं दर महिन्याला रक्त जातं, म्हणून तिला पुरुषापेक्षा लोह जास्त लागतं. आपल्या देशातल्या पोषणतज्ज्ञांच्या २०२० च्या हिशेबानं पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम, बाईला २९. पोटात लेकरू असलं की आईच्या अंगातलं लोह ते ओढून घेतं. बहिणीचं रक्त कुठं गेलं त्याचं अर्धं उत्तर इथं आहे. ते तिच्यात नीट जमाच झालं नव्हतं. जे होतं ते पोटातल्या लेकरात गेलं.

आणि बीट? बीट लाल आहे, एवढाच त्याचा रक्ताशी संबंध. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नाही. डाळिंबात त्याहून कमी. लाल रंग म्हणजे रक्त असतं तर आपल्या तर्रीनं सगळं नागपूर पहिलवान झालं असतं. डाळिंबाचा भाव काय, तिचा नवरा दिवसाला कमावतो काय, याचा विचार चिठ्ठी लिहिणाऱ्याला शिवला नाही. गरिबाला महागडा उपाय सांगायचा आणि तो केला नाही म्हणून त्यालाच दोष द्यायचा, हा जुनाच धंदा आहे.

मग ताटात काय आहे ते पाहू. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा माणशी महिन्याला पाच किलो धान्य देतो. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, आणि तो नसता तर वस्त्या उपाशी मेल्या असत्या हेही खरं. पण हिशेब करा. पाच किलो म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम. त्यातून मिळते पावणेसहाशेच्या आसपास उष्मांकांची ऊर्जा. अंगमेहनत करणाऱ्या बाईला लागते दोन हजारांवर. प्रथिन मिळते तेरा ते सतरा ग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला लागते एकेचाळीस-बेचाळीस ग्रॅम. म्हणजे अर्ध्याहूनही कमी. बाकीचं कुठून आणायचं? कायद्यात डाळ नाही, तेल नाही, अंडं नाही. कायद्यानं कोळसा दिला आणि सुटे भाग बाजारातून आणा म्हटलं. बाजारात डाळीच्या भावाशी डोळा भिडवायची हिंमत किती घरांत आहे?

पुन्हा रेशनचं धान्य म्हणजे बहुतेक तांदूळ नाहीतर गहू. माझ्या मायच्या लहानपणी घरात ज्वारी होती. शंभर ग्रॅम ज्वारीत चारेक मिलिग्रॅम लोह असतं, पांढऱ्या सडलेल्या तांदळात एकही नाही. ज्वारीच्या भाकरीवर बेसन, कण्यांवर अंबाडीची भाजी, पावसाळ्यात फुकट उगवणारा तरोटा. बायका ओटीभर पाला खुडून आणायच्या. त्यात लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड, रातांधळेपणा टाळणारं अ जीवनसत्त्व. आता तरोटा उगवायला मोकळी जागाच राहिली नाही, आणि जी आहे तिथं नाल्याचं पाणी. पाच रुपयांच्या पुड्यातले कुरकुरीत तुकडे मात्र गल्लीच्या प्रत्येक कोपऱ्यावर लटकतात. लेकरू रडलं की पुडा. मीठ, तेल आणि मैदा. कोळसाच, तोही ओला.

पण जुन्या ताटाचं गाणं मी गाणार नाही. ते काम पांढरपेशा पाककृतीवाल्यांचं. त्यांना आपला तरोटा आता रानभाजी महोत्सवात भेटतो आणि फार चवदार लागतो. आपल्या आज्यांनी तो चवीसाठी खाल्ला नाही, दुसरं नव्हतं म्हणून खाल्ला. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटाची दखल पुस्तकात घेतली, त्या नावातच सगळं आलं. ज्यांचं ब्रह्म पूर्ण होतं त्यांनी आपलं अपूर्ण ठेवलं.

आणि एक गोष्ट नेहमी विसरली जाते. एकच एक पदार्थ खाऊन माणूस जगू शकत नाही, तो पदार्थ कितीही चांगला असो. ज्वारी चांगली म्हटली ना? पण फक्त ज्वारीवर दिवस काढणाऱ्या दख्खनच्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा. कातडी सोलून निघायची, हगवण लागायची, डोकं फिरायचं. हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया या डॉक्टरांनी १९६० मध्ये हे जगापुढं मांडलं. अमेरिकेच्या दक्षिणेत हाच रोग मक्यावर जगणाऱ्या काळ्या-गोऱ्या गरिबांना व्हायचा. तिथले मोठे डॉक्टर म्हणायचे, हा जंतूंचा रोग आहे, घाणीतून येतो. जोसेफ गोल्डबर्गर नावाचा डॉक्टर म्हणाला, नाही, हा ताटातून येतो. लोक ऐकेनात तेव्हा त्यानं १९१६ मध्ये पेलाग्राच्या रोग्याचं रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतलं. त्याला काही झालं नाही. घाण नव्हे, गरिबी हे कारण आहे हे सांगायला त्या माणसाला स्वतःचं अंग द्यावं लागलं.

आपल्या शेजारी भंडारा-गोंदियाकडं धानानंतर लाखोळी पेरतात. तिच्या डाळीत प्रथिन भरपूर. पण तिच्यात एक विषारी अंशही आहे. इतर अन्नासोबत थोडी खाल्ली तर बहुतेकांना काही होत नाही. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडतात. मध्य प्रदेशातल्या रीवाकडं वेठबिगारांना मजुरीच या डाळीत मिळायची. त्यांचे पाय गेले. जमीनदारही ती डाळ खायचा, पण त्याच्या ताटात तिच्यासोबत गहू होता, तूप होता, भाजी होती. त्याचे पाय शाबूत. १९६१ मध्ये केंद्र सरकारनं डाळीच्या विक्रीवर बंदी घातली. डाळीवर घातली, वेठीवर नाही. दोस्तहो, विष नुसतं दाण्यात नसतं. दुसरं काही खायला न मिळण्यात ते पक्कं होतं.

आता मांसाकडं येतो. इथं नाकं मुरडणारे दोन्हीकडं आहेत, आपल्यातही.

लोह दोन जातींचं असतं (इथंही जात आली!). मांसातलं, काळजातलं, रक्तीतलं लोह शरीर सहज उचलतं. धान्यातलं, पाल्यातलं लोह बरंचसं न पचता निघून जातं. बी-बारा तर फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं : मांस, मासे, अंडी, दूध. ते नसलं की रक्त घडत नाही, हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं. दूध परवडत नाही त्या घरात हे बी-बारा येणार कुठून? वजडी, मुंडी, पाय, रक्ती, म्हणजे ज्याला प्रतिष्ठितांनी टाकाऊ म्हटलं, त्यातून ते येत होतं.

मला माहीत आहे, कोणी उठून म्हणेल, बाबासाहेबांनी मांस सोडायला सांगितलं होतं. नीट वाचा रे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोरांचं मांस सोडा म्हटलं. गावानं ओढून टाकायला लावलेलं, गावकीच्या मोबदल्यात मिळालेलं, माणूसपण हिरावून घेणारं मांस. आपल्या आजा-पणज्यांनी ते सोडलं. उपाशी राहिले पण सोडलं. त्यांच्या पोटाला त्याची किंमत मोजावी लागली, आणि ती त्यांनी ताठ मानेनं मोजली. त्या त्यागापुढं मी डोकं टेकतो. पण मेलेलं ढोर सोडणं वेगळं आणि 'आम्ही आता चिकन-मटण काही खात नाही बरं' असं सोसायटीतल्या शेजाऱ्याला दबक्या आवाजात सांगणं वेगळं. पहिला स्वाभिमान, दुसरी नक्कल. ज्याला मनातून सोडायचं त्यानं खुशाल सोडावं, धम्मात कोणावर सक्ती नाही. पण घरमालकाच्या भीतीनं खिडकी लावून अंडं तळायचं, हे कसलं धर्मांतर?

आणि ताट आपण एकट्यानं ठरवत नाही, विधानसभा पण ठरवते. १९७६ च्या कायद्यानं महाराष्ट्रात गाय कापायला बंदी होती. २०१५ च्या दुरुस्तीनं बैल-वळूही त्यात आले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दुसऱ्या राज्यातून आलेलं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी रद्द केली, पण कत्तलीवरची कायम ठेवली. कायदा करताना श्रद्धेवर भाषणं झाली. गरिबाचं स्वस्त प्रथिन, लोह आणि बी-बारा जाणार, त्याच्या बदल्यात त्याला काय देता, हा प्रश्न किती जणांनी विचारला? जनावराचा जीव वाचवण्याबद्दल माझं भांडण नाही. पण बाईच्या रक्ताचा हिशेब त्या कागदावर कुठंच नव्हता.

बरं, मांस नको, अंडं तरी? एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन, तेही पूर्ण. धान्यात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, डाळीत मेथिओनिन. म्हणून तर वरण-भात, बेसन-भाकर अशा जोड्या आपल्या बायांनी शाळा न शिकता जुळवल्या. अंड्यात सगळंच एकत्र असतं, वर बी-बारा आणि अ जीवनसत्त्व. भेसळ करता येत नाही, दूध पातळ करतात तसं अंडं पातळ करता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्याला केळं. लगेच आरडाओरडा. लेकरांचे संस्कार बिघडतील म्हणे. आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा पैसा बंद करून सरकारनं शाळांना सांगितलं, लोकवर्गणीतून करा. वस्तीतल्या शाळेनं वर्गणी कोणाकडं मागायची? ज्याचं लेकरू अंड्यासाठी शाळेत येते त्याच्याकडं?

आता उरलेलं अर्धं उत्तर. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून नीट वाचा, आणि घरी वाचून दाखवा.

प्रत्येकाचं कमी रक्त ताटामुळेच कमी असतं असं नाही. १९५८ मध्ये नागपुरातल्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात लिहिलं. तो आजार आपल्यात, महार समाजात, आढळला होता. आदिवासींत आहे, इतरही जातींत आहे. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे. मलेरियाच्या मुलखात हा गुण टिकला, कारण एकाच पालकाकडून आलेला असेल तर तो लेकराला मलेरियापासून वाचवतो. दोन्ही पालकांकडून आला की मात्र आजार. लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नळ्यांत अडकते, हाडं फुटावी तशी कळ येते. १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. हा शाप नाही, मागच्या जन्माचं पाप नाही, कोणाची करणी नाही. पाली-बुवाकडं जाऊ नका, प्रयोगशाळेत जा.

अशा लेकराचं रक्त बीट खाऊन वाढणार नाही, मटण खाऊनही नाही. पेशी भराभर मरतात म्हणून त्याला फॉलिक ॲसिड जास्त लागतं, पाणी जास्त लागतं, डॉक्टरची देखरेख लागते. लोहाची गोळी मात्र तपासल्याशिवाय देऊ नये, कारण त्याच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. म्हणजे विदर्भात 'रक्त कमी आहे' म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच पाहिजे : सिकलची तपासणी झाली काय? बहिणीला तो कोणी विचारला नाही.

गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-बारा घातलेले दाणे मिसळले गेले. वस्तीत बोंब उठली, प्लास्टिकचा तांदूळ आला. प्लास्टिक नाही तो, तांदळाच्याच पिठाचा दाणा आहे. फेकू नका. २०१८ च्या नियमात अशा पोत्यावर सिकल आणि थॅलेसेमियाच्या रोग्यांसाठी सूचना छापायची होती. २०२४ मध्ये सरकारनं तज्ज्ञ समितीचा हवाला देऊन, धोक्याचा पुरावा नाही म्हणून, ती काढली. समिती बरोबर असेल. पण ज्यांच्या ताटात दाणा पडतो त्यांना कोणी येऊन चार शब्द समजावून सांगितले असते तर प्लास्टिकची बोंब उठली असती काय?

आता आपल्या नावाबद्दल. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं लोण नागपुरात आलं, आणि अजून आपल्यातल्या कित्येकांच्या छातीत ती डरकाळी आहे. नाव कुठून आलं ते पोरगंही सांगेल : अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. पण ते ब्लॅक पँथर काय करत होते? बंदुकीचा फोटो आपण पाहिला. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये त्यांनी शाळेत जाणाऱ्या काळ्या लेकरांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली. पहाटे उठून पोरं-पोरी अंडी शिजवत, पाव भाजत. बघता बघता शहराशहरांत हजारो लेकरं जेवू लागली. एफबीआयचा हूव्हर बंदुकीइतकाच त्या नाश्त्याला घाबरला, तो मोडायला त्यानं माणसं लावली. आणि १९७१ मध्ये त्यांनी दुसरं काम घेतलं : सिकलसेलची फुकट तपासणी. घरोघर, मैदानात, सभेत. हाच आजार, जो आपल्यात आहे. मे १९७२ मध्ये अमेरिकेला सिकलसेलसाठी कायदा करावा लागला. तेच १९७२ साल.

आपण त्यांचं नाव घेतलं, डरकाळी घेतली. नाश्ता आणि रक्ततपासणी तिकडंच ठेवली. नागपुरात काही डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं सिकलचं काम केलं, त्यांना सलाम. पण चळवळ म्हणून, संघटना म्हणून, आपण ते आपलं मानलं नाही. आपल्याला पुतळा दिसला, स्टेज दिसलं, बॅनरवर फोटो कोणाचा मोठा हे दिसलं. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारनं मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढली. १९५८ ते २०२३. पासष्ट वर्षं. तेवढ्यात किती लेकरं 'सारखंच दुखते म्हनते' म्हणत गेली, त्यांची नावं कुठल्या हुतात्मा स्मारकावर आहेत?

आणि घरातलं. हे लिहिताना माझा हात जड होतो. आपल्या घरात शेवटी कोण जेवते? माय. मग बायको. मटणाचे तुकडे कोणाच्या वाटीत, रस्सा कोणाच्या? समतेवर भाषण ठोकून रात्री बाराला घरी येणारा कार्यकर्ता झाकलेलं ताट उघडतो तेव्हा त्याला दिसत नाही की भांड्यात मागं काही उरलं नाही. मी तोच आहे. बहिणीच्या वाट्याचा तुकडा मी लहानपणी खाल्ला आहे. मनुवाद मोर्च्याच्या पलीकडंच असतो असं नाही. तो ताटाच्या वाढणीतही बसलेला असतो.

तर काय करायचं? लांबलचक ठराव नको. पाच कामं.

एक. पुढच्या मीटिंगच्या आधी प्रत्येकानं आपली सिकल तपासणी आणि हिमोग्लोबिन करून घ्यायचं. आधी आपण, मग वस्ती. सरकारी रुग्णालयात ती मागायची, नाही म्हटलं तर दहा जणांनी मिळून मागायची.

दोन. लग्न जमवताना पत्रिका नको, रक्ताचा रिपोर्ट पाहा. दोघं वाहक असतील तर दर लेकरामागं आजाराची शक्यता चारात एक. दोघांनी ते माहीत करून घेऊन ठरवावं. पण वाहक पोरगी नाकारायची आणि वाहक पोरगा लपवायचा, हा नीचपणा आपल्यात सुरू झालाय, तो गाडा. वाहक हा रोगी नव्हे.

तीन. शाळेतलं अंडं पुन्हा मागायचं. पाचवीपर्यंतच्या लेकराला दुपारच्या जेवणात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिन हे सरकारचंच माप आहे. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. म्हणून शाळेत जा, खिचडीत डाळ किती पडते ते पाहा, विचारा. आणि रेशनवर डाळ-तेल हा आपल्या प्रत्येक मोर्च्याचा नारा व्हायला पाहिजे.

चार. रविवारी सकाळी वस्तीच्या विहारात लेकरांना उकडलेलं अंडं, भिजवलेले चणे आणि एक फळ. आपलं शहर संत्र्यांचं म्हणवतं. संत्र्यातल्या क जीवनसत्त्वानं डाळी-पाल्यातलं लोह अंगी लागतं. बागेत ते तोडणाऱ्या मजुराच्या लेकराला ते मिळत नाही, हे आपल्याला सलायला पाहिजे. जेवणाला लागून चहा नको, तो लोह अडवतो. तासभर मध्ये जाऊ द्या. दीक्षाभूमीवर आपण लाखोंना जेवू घालतो, वर्षातून एकदा. बावन्न रविवार बाकी आहेत.

पाच. घरात सगळ्यांनी एकत्र जेवायचं. वाढणं पाळीपाळीनं. हे सगळ्यात अवघड आहे. मोर्चा सोपा.

आता बहिणीचं सांगतो. आम्ही तिची सिकल तपासणी करून घेतली. वाहक निघाली. वाहकाचं रक्त सहसा त्यामुळे कमी होत नाही, म्हणजे तिचं ताटानंच खाल्लं. डॉक्टर बाईनं सांगितलं, हिला लोहाची गोळी चालते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. गोळीनं शौच काळी होते म्हणून तिनं आठ दिवसांत सोडली होती. त्यात घाबरण्यासारखं काही नाही हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आता घेते. संत्र्याच्या फोडीसोबत.

मीही तपासलं. मीही वाहक. चाळीशी आली आणि मला माझं रक्त माहीत नव्हतं.

जावई तयार नव्हता. "मले काय झालं? मी तं धडधाकट हावो," म्हणाला. दोन रात्री बसून समजावलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतः गेला, हात पुढं केला. हा मजकूर जुळणीला जाईपर्यंत त्याचा रिपोर्ट आलेला नाही. काय येईल ते येईल. पण पोटातल्या लेकराच्या वाट्याला काय आहे ते आम्ही डोळे उघडे ठेवून पाहणार आहोत, आणि जे येईल त्याच्यासाठी लढणार आहोत. 'रक्त कमी आहे' ही चिठ्ठी घेऊन ते लेकरू आयुष्यभर बाकावर बसणार नाही.

जय भीम.

— संपादक